अवशेष, कारागीर आणि ताडी: ठाण्याहून एका दिवसात काय बघता येईल?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे दीर टेक्सासहून डिसेंबरच्या सुटीत सहकुटुंब घोडबंदर रोडला तुमच्याकडे उतरणार आहेत. बरोबर 12 आणि 16 वर्षांची मुलं. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांना मागे ठेवायचं नाही. दिरांनी मेक्सिकोत वाहाकाला एक दिवसाची सहल केली होती. सकाळी जुने अवशेष, मग विणकरांचं गाव, शेवटी मेस्काल या तिथल्या कडक दारूची भट्टी. आता त्यांचं म्हणणं, “वहिनी, आपल्या ठाण्याकडे असं काही होईल का?” त्यावर तुम्ही यादी काढलीत: अंबरनाथ, लोनाड, सोपारा, वसईचा किल्ला, वारली चित्रं, ताडी, जमलं तर मोहाची. एका दिवसात बसवून द्या म्हणता.

नाही बसणार. बसवून देणारे मिळतील, तुमच्या मोबाईलवर रंगीत कार्यक्रमही येईल, पण त्यातले सहा तास तुम्ही गाडीत असाल आणि मुलं मोबाईलमध्ये. ठाण्याहून एका दिवशी एकच दिशा धरायची. पश्चिमेला वसई-सोपारा किंवा पूर्वेला कल्याण-अंबरनाथ. तुमच्या दिरांना जे हवंय ते तिन्ही एकाच बाजूला मिळतं, ते वसईकडे. का, ते सांगतो.

वाहाकाची सहल सुटसुटीत होते त्याला कारण आहे. शहरापासून मितलाचे जुने अवशेष साधारण 45 किलोमीटर. त्याच खोऱ्यात, त्याच रस्त्यालगत तेओतितलान हे लोकरी गालिचे विणणाऱ्यांचं गाव, आणि थोडं पुढे मातातलान, जिथे घरटी म्हणावी अशी मेस्कालची भट्टी. एक रस्ता, एक खोरं. मितलाच्या भिंतींवर दगडाचे छोटे छोटे तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवून नक्षी केलीय. ती बघून माणूस तेओतितलानला गेला की तीच पायऱ्यापायऱ्यांची नक्षी त्याला मागावरच्या गालिच्यात दिसते. गाईडला फार बोलावंच लागत नाही. मेस्कालला 1994 पासून कायद्याने स्थाननामाचं संरक्षण आहे, म्हणजे ठरलेल्या भागात केलेल्या दारूलाच ते नाव लावता येतं. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजलेले आगावेचे कांदे, ते चिरडणारं घोड्याने ओढायचं दगडी चाक, पुढे तांब्याचं भांडं, सगळं उघड्यावर आणि राजरोस. (आगावे म्हणजे परकं काही नाही. आपल्याकडे बांधावर कुंपणाला लावतात ते घायपात त्याच कुळातलं.)

आपल्याकडे हे तिसरं अंग, म्हणजे अशी राजरोस भट्टी, गायब आहे, आणि ते आपोआप गेलेलं नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात दारू गाळणं हा घरगुती उद्योग होता. किनाऱ्यावर भंडारी माड-ताड छेदायचे, डोंगराकडे आदिवासी मोहाची फुलं गाळायचे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपाचा हक्क मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला आणि झाडांवरचा कर वाढला. उरणला मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर गाळली जाई, ती याच व्यवस्थेत. तरी गावात फुलं होतीच, म्हणून 1892 मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्या-विकण्यावरच बंधनं आली. म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल उचलून घरी ठेवणंही सरकारच्या हिशेबात आलं. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा, तो आजही लागू आहे. मातातलानमध्ये जे आजोबा पाहुण्यांना ओतून देतात, तसेच आजोबा जव्हार-मोखाड्यातही आहेत. फक्त त्यांची भट्टी कायद्याने गुन्हा आहे. पाहुण्यांना हा फरक सांगा. माझ्या अनुभवात परदेशातून आलेल्या आपल्याच माणसांना किल्ल्याच्या सनावळीपेक्षा ही गोष्ट जास्त धरून ठेवते.

तेव्हा मोहाची चव हा विषय यादीतून काढा. कुणी तरी “आमच्या ओळखीचा पाडा आहे, पहिल्या धारेची देतो” म्हणेल. नको. एक तर तुम्ही त्या घराला अडचणीत आणता. पाहुणे निघून जातात, पोलीस त्यांच्या दारात येतात. दुसरं, तुम्हाला बाटलीत काय आहे ते कळत नाही. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी हातभट्टीने शंभराहून अधिक माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं आणि ते जिभेला ओळखू येत नाही. तिसरं कारण साधं आहे: डिसेंबरात मोह फुलतच नाही. फुलं फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, पहाटे टपटप पडतात, आणि उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. ते दृश्य बघायचं असेल तर मार्चमध्ये शहापूर किंवा जव्हारकडे या आणि सुकवलेल्या फुलांचे लाडू खा. त्याला कोणी अडवत नाही.

ताडीचं तसं नाही. ती परवान्याने विकली जाते, आणि डिसेंबर हा तिचा चांगला काळ. थंडीत रस सावकाश आंबतो, त्यामुळे सकाळी उतरलेली नीरा खरंच नीरा असते.

मी लोकांना आधी पिणं दाखवत नाही, झाड दाखवतो. ताडाच्या शेंड्याला फुलोऱ्याचे दांडे येतात. ते उमलायच्या आत बांधून घेतात, हलक्या हाताने ठेचून मऊ करतात आणि टोकाची चकती धारदार कोयत्याने कापतात. चकती कागदासारखी पातळ. जाड कापली तर दांडा लवकर संपतो, कापलीच नाही तर जखम सुकते आणि रस थांबतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा, त्याच झाडावर चढायचं. खाली मडकं बांधलेलं असतं. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं आणि रस मडक्यातच फसफसायला लागतो, ती ताडी. माडाच्या पोयीतून काढतात ती माडी, कृती तीच. एकाच झाडाचा एकच रस, फरक बोटभर चुन्याचा. तुमच्या सोळा वर्षांच्या पुतण्याला रसायनशास्त्र असेल तर त्याच्या हातात नीरेचा आणि मोठ्यांच्या हातात ताडीचा पेला एकाच वेळी द्या. वास घेऊनच त्याला कळेल काय झालंय ते. चाखायची त्याने नाही, एवढं घरून निघतानाच सांगून ठेवा.

वेळेचं गणितही यातच आहे. ताडी कोणासाठी थांबत नाही. सकाळी सातला गोड, अकराला आंबटगोड, दुपारी तीनला आंबट, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेवर. वाहाकात मेस्काल शेवटी ठेवतात कारण ते बाटलीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि चाखून झाल्यावर पाहुणे बसमध्ये झोपले तरी चालतं. आपल्याकडे क्रम उलटा लावावा लागतो: आधी झाड, मग दगड.

आता एक खूण सांगतो, ती लक्षात ठेवा. संध्याकाळी गोड लागणारी ताडी ही ताडी नव्हे. रसातली साखर तोवर आंबून गेलेली असते. गोडी राहिली असेल तर सॅकरीन आहे, आणि पाणी घालून पातळ केलेल्या मालाला नशा यावी म्हणून बरेचदा क्लोरल हायड्रेट मिसळलेलं असतं. हे झोपेचं औषध आहे, अंदाज चुकला तर जीव जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधीच भरून ठेवलेला माल घेऊ नका. झाडावरून उतरलेलं मडकं समोर गाळून दिलं, त्यात एखादी मुंगी-मधमाशी तरंगत असली, तर उलट बरं. आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही. ताडी सौम्य असते खरी, पण तपासणीच्या यंत्राला ते ठाऊक नसतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा ताडीलाही तीच.

आता दिवस लावू. ठाण्याहून सहाला निघा. साडेसहाच्या आत गायमुखचा घाट उतरलात तर बरं, नाहीतर फाउंटनच्या नाक्यावर अवजड गाड्यांच्या रांगेत तुमची नीरा ताडी होईल. खाडीवरचा पूल ओलांडून वसईच्या पश्चिम पट्ट्यात शिरलात की वाड्या सुरू होतात. तिथे झाड छेदणाऱ्या माणसाशी दोन दिवस आधी बोलून ठेवावं लागतं. “येताना बघू” चालत नाही. तो सातला झाडावर असतो आणि आठला त्याचं काम संपलेलं असतं. त्याला वेळेचे पैसे द्या, ताडीचे वेगळे. तुमच्या फोटोसाठी पुन्हा चढ म्हणू नका. ते झाड सरळसोट उंच आहे आणि खाली गादी नाही.

न्याहारीला वसईच्या ख्रिस्ती घरांतले फुगे मिळाले तर सोडू नका. पीठ पारंपरिक रीतीने ताडीने फुगवायचं आणि तेलात तळायचं. वडे म्हणा, पाव म्हणा, दोन्हींच्या मधलं काहीतरी. सासूबाईंना ताडीचं नाव आधी सांगायचं की खाऊन झाल्यावर, ते तुमचं तुम्ही ठरवा. शाकाहारी असतील तर सुकेळी घ्या. राजेळी केळी उन्हात सुकवून करतात, वसई-आगाशीची खासियत. मुलांनाही आवडते.

साडेआठ-नऊला सोपारा. इथे पाहुण्यांची अपेक्षा आधीच खाली आणून ठेवा, कारण समोर दिसतो तो जुन्या बौद्ध स्तूपाचा विटांचा उंचवटा, भोवती बाग आणि कुंपणापलीकडे नालासोपाऱ्याच्या इमारती. गावात याला बुरूड राजाचा कोट म्हणत. एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला तेव्हा आत दगडी करंडक निघाला. त्यात एकात एक बसणाऱ्या तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सगळ्यात आत सोन्याची डबी. त्या सोन्याच्या डबीत सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे काही तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. करंडकात तांब्याच्या डबीभोवती बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती होत्या, त्या बऱ्याच नंतरच्या काळातल्या. हे सगळं मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे, सोपाऱ्यात नाही. म्हणून फोटो फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि विटांसमोर उभं राहून मुलांना दाखवा. डबीत डबी, तिच्यात आणखी डबी, आणि शेवटी सोन्यात जपून ठेवलेली खापरं! बारा वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त सांगायची गरज पडत नाही.

अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच 1882 मध्ये सोपाऱ्यात सापडला, नवव्याचा 1956 मध्ये जवळच्या भुईगावला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशोकाचे शब्द सापडावेत इतकं हे बंदर महत्त्वाचं होतं. आज तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. खाडी गाळाने भरली आणि गाव आत गेलं. बाग उघडायची वेळ आणि सुटीचा वार मात्र निघण्याआधी एकदा विचारून घ्या.

कारागिरांचं काय? इथे माझं मत बहुतेक सहल कंपन्यांना पटत नाही. वारली चित्रं म्हटलं की लोकांना पाडा हवा असतो. डहाणूकडचे पाडे तुमच्या घरापासून शंभर किलोमीटरच्या पुढे, जाऊन येऊन दिवस संपला. आणि पाड्यावर जाऊन काय बघणार? लग्नाचा चौक सुवासिनी लग्नातच लिहितात, घराच्या आतल्या भिंतीवर. मध्ये पालघाट देवी, बाजूला पंचशिऱ्या देव, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चाललेली. तो काही दुपारी दोनच्या पाहुण्यांसाठी मांडायचा कार्यक्रम नव्हे. कागदावर, कापडावर रोजची चित्रकला म्हणून ही कला उभी राहिली ती 1970 च्या दशकापासून, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. आज वारली चित्रकार शहरात येऊन शिकवतात. तेव्हा पाहुणे पाड्यावर नेण्याऐवजी चित्रकाराला वसईत बोलवा. गाडीभाडं, दिवसाचं मानधन, जेवण. एखाद्या वाडीच्या ओट्यावर तीन तास बसा. शेण-गेरूने सारवलेला कापडाचा तुकडा, तांदळाच्या पिठाची डिंक घातलेली पांढरी, आणि चावून टोक मऊ केलेली बांबूची काडी. मुलं दोन त्रिकोणांचा माणूस पाच मिनिटांत काढतात आणि पुढचा तास तारपा नाचाच्या फेऱ्यात अडकतात. कारण तिथे प्रत्येक माणसाचा हात शेजारच्याच्या कमरेला लागायला हवा, आणि फेरा गुंडाळत आत जातो. मोजून काढलेला नीट दिसत नाही. चित्रकार हसून बघत बसतो.

मला स्वतःला त्याहून जास्त आवडतो तो बांबूची सुपं-परड्या विणणारा बुरूड. सोपाऱ्याच्या स्तूपाला ज्याचं नाव लागलं त्याच समाजाचा माणूस स्टेशनाजवळच्या बाजारात सूप वळताना बघा, आणि जवळ बसा. ओला बांबू कोयत्याने उभा फोडतो, मग त्याचे पुन्हा भाग. पहिला घाव डोळ्यांनी बघून घालतो, पुढचे सगळे अंगठ्याने. पातं आत घातलं की डाव्या हाताचा अंगठा कामटीची जाडी चाचपत पुढे सरकतो, एक बाजू जाड होतेय असं वाटलं की मनगट किंचित वळतं आणि चीर मधोमध येते. हिरव्या सालीची कामटी वेगळी ठेवतो, गाभ्याची वेगळी. सालीची चिवट, ती कडेला आणि जिथे ओढ येते तिथे. गाभ्याची मऊ, ती पोटाला. सुपाला मागचे दोन कोपरे वळवताना कामट्या मोडू नयेत म्हणून पाण्याचा हात फिरवतो. सुरुवातीला हे सगळं नुसतं बोटांचं फडफडणं वाटतं. पंधरा मिनिटांनी क्रम दिसायला लागतो, आणि मग उठवत नाही. गौरीच्या आधी ओवशाच्या सुपांसाठी त्याच्याकडे गर्दी असते, डिसेंबरात तो बोलायला मोकळा असतो. दिरांना सांगा, तेओतितलानच्या मागासारखं इथे कोणी प्रात्यक्षिक दाखवायला बसलेलं नाही, त्याचं रोजचं काम चाललंय. म्हणून घासाघीस न करता दोन परड्या आणि एक रोवळी घ्या. सासूबाईंना रोवळी कशाला लागते ते विचारा, अर्धा तास त्याच बोलतील.

इथेच एक धंद्यातली गोष्ट. कुठल्याही सहलीत “हस्तकला केंद्र” असा थांबा असेल तर चालक किंवा गाईडला तिथे कमिशन आहे का ते सरळ विचारा. वाहाकातही गालिच्यांच्या मोठ्या दुकानांत हे चालतं, आग्र्यात चालतं, आपल्याकडेही चालतं. मी कमिशन घेत नाही म्हणून साधू नाही. माझे पैसे मी तुमच्याकडून आधीच घेतो. ज्याची सहल संशय यावा इतकी स्वस्त आहे, तो उरलेले पैसे कुठून तरी काढणारच.

जेवण करून दुपारी विश्रांती घ्या, म्हणजे सासूबाई संध्याकाळपर्यंत टिकतील. साडेतीनला वसईचा किल्ला. त्यावर फार लिहीत नाही, माहिती सगळीकडे आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली, मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. आत वाढलेल्या झाडांमुळे बराच भाग सावलीत आहे आणि चालणं बहुतेक सपाट, हे गुडघ्यांसाठी महत्त्वाचं. पडक्या चर्चच्या कमानी आणि बंदराकडचा दरवाजा बघा, बुरुजांवर चढायची गरज नाही. लग्नाआधीच्या फोटोंची जोडपी जागोजाग असतील, त्यांना वळसा घाला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्याआधी बाहेर पडा. परतताना घोडबंदरची गर्दी नको असेल तर 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू आहे, गाडीसकट खाडी पार करता येते. वेळा बघून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, अंबरनाथ राहिलंच. राहू द्या त्या दिवशी. त्याला स्वतंत्र दुपार द्या, आणि गाडी नको, लोकल पकडा. माझ्या मते ठाणे जिल्ह्यातलं एकच ठिकाण बघायचं असेल तर ते हेच. म्हणूनच ते पाच ठिकाणांच्या रांगेत उरकलेलं मला बघवत नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982, म्हणजे 1060 चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. ही तीच शिलाहार घराण्याची शाखा, जिच्यामुळे आपलं ठाणे ‘श्रीस्थानक’ म्हणून लेखांत येतं. मंदिर पश्चिमेला तोंड करून आहे. बहुतेक लोक सकाळी दर्शनाला जातात आणि दर्शनी भाग अंधारात बघून येतात. तुम्ही चारला पोचा. डिसेंबरचं तिरपं ऊन दारावर आणि बाहेरच्या भिंतींच्या खाचाखोचांत शिरतं. काळ्या बेसॉल्टवरची सकाळी सपाट वाटलेली शिल्पं दुपारी भिंतीतून सुटून बाहेर येतात. भिंत सरळ नाहीच. कोनामागून कोन काढत ती फिरते, त्यामुळे प्रत्येक पावलाला एक मूर्ती उजेडात येते आणि एक सावलीत जाते. म्हणून एका जागी उभं राहू नका, प्रदक्षिणेसारखं हळूहळू फिरा. तळाला हत्तींची रांग आहे, ती मुलांना शोधायला सांगा.

गर्भगृह खाली आहे, सभामंडपातून पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या उंच आहेत. सासूबाईंनी वरूनच नमस्कार केलेला बरा. खाली उभं राहून वर बघितलं तर छप्पर नाही, आकाश आहे. शिखराचा वरचा भाग शिल्लक नाही. दिरांनी बघितलेलं मितला हे अवशेष आहेत, तिकीट काढून बघायचे. इथे मात्र जवळजवळ हजार वर्षांनीही पूजा चालू आहे, त्यामुळे फोटोचे नियम वेगळे, चपला बाहेर, आणि सोमवारी गर्दी. महाशिवरात्रीला तर जाऊच नका. आणखी एक सांगून ठेवतो, नाहीतर पाहुणे नंतर म्हणतील आधी का नाही सांगितलं: शेजारून वाहते ती वालधुनी. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिची काय गत झालीय ते नाकाला आधी कळतं.

लोनाड या खेपेला सोडा. लेणं छान आहे, शेजारच्या चौधरपाड्याला शिलाहारांच्या काळातला गद्धेगाळही आहे. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, आणि दान मोडणाऱ्याच्या घरादाराला गाढवाचा शाप, तोही चित्रात कोरलेला. सोळा वर्षांच्या पुतण्यासमोर सासूबाईंना ते शिल्प समजावून सांगायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीही मी ते टाळीन.

शेवटचा प्रश्न, दिरांना इथून ‘लोकल’ बाटली न्यायचीय. वाहाकाहून त्यांनी मेस्काल आणली होती ना, तशी. ताजी ताडी बाटलीत बंद करून नेऊ नका. ती आतच आंबत राहते, वायू कोंडतो आणि झाकण किंवा बाटली, जे आधी हार मानेल ते उडतं. लोकांच्या सुटकेसमध्ये हे झालेलं आहे. आपल्याच बाजूचं काही हवं असेल तर डहाणूजवळ बोर्डीला चिकूची वाईन तयार होते, ती परवानाधारक दुकानातून बिलासह घ्या. कडक हवी असेल तर गोव्याची काजू फेणी, तिला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि मेस्कालशी तुलना करायला तीच योग्य. फक्त ती गोव्यातून ठाण्याला आणताना परवाना लागतो हे विसरू नका. सीमेवर गाडी तपासतात. त्यापेक्षा विमानतळावरच्या दुकानात मिळाली तर तिथेच घ्यायला सांगा.